पहिल्या पावसानंतरची भूक

प्रश्न : आमच्या सोसायटीत १२० घरं आहेत. मराठवाड्यातल्या दुष्काळाच्या बातम्या वाचून आम्ही अडीच लाख रुपये जमवले, कपडेही बरेच जमले. मेच्या शेवटच्या आठवड्यात धान्य, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या असा एक ट्रक भरून धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-वाशीकडे जायचं ठरतंय. स्वतःच्या हातांनी दिलं की पोचतं, असं सगळ्यांचं मत आहे. काय काय न्यावं, याची यादी द्याल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : यादी देते, पण त्याआधी एक विनंती. मेच्या शेवटी येऊ नका. मृगाचा पाऊस पडू द्या आणि मग या.

हे तुम्हाला उलटं वाटेल, म्हणून २०१३ सालच्या जूनमधलं एक घर सांगते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मी या कामात पडले आणि पुढची तीस वर्षं कळंब तालुक्यातल्या एका लहान संस्थेत काढली. तेव्हाचं हे घर. त्यांची बैलजोडी आणि एक गाय चार महिने चारा छावणीत होती. घरची बाई जनावरांपाशीच ताडपत्रीखाली राहायची, नवरा गावात म्हाताऱ्या आईपाशी. छावणीत चारा होता, टँकरचं पाणी होतं, संध्याकाळी कुणी ना कुणी खिचडीचं पातेलं घेऊन यायचं. जूनमध्ये पाऊस झाला आणि आठवड्याच्या आत छावणी उठली. जनावरं घरी न्या म्हणाले. पण पाऊस पडला म्हणून दुसऱ्या दिवशी बांधाला गवत येत नाही. जनावराच्या तोंडाला लागेल एवढं गवत व्हायला महिना जातो. कडबा गावात औषधालाही नव्हता. बाराव्या दिवशी त्या दोघांनी बैलजोडी बाजारात उभी केली. पेरणीच्या तोंडावर बैल विकायला आलेला माणूस अडलेला आहे, हे व्यापाऱ्याला न सांगता कळतं. मिळेल त्या भावाला जोडी गेली. मग पेरणीला ट्रॅक्टर भाड्याने आला, बियाणं उसनं, खत उधारीवर. दसऱ्याला सोयाबीन निघालं ते सगळं देणेकऱ्यांच्या दारात गेलं. दिवाळीनंतर दोघांनी मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली आणि कोयता घेऊन कारखान्यावर गेले.

त्या घराला आम्ही एप्रिलमध्ये धान्य दिलं होतं, मेमध्येही दिलं होतं. जूनमध्ये आमच्याकडे एक रुपया उरला नव्हता. मी देणाऱ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, "आता पाऊस झाला ना ताई." त्यात त्यांचा दोष नव्हता. टीव्हीवर भिजलेलं रान दिसत होतं. तेव्हा दीड महिन्याच्या कडब्याचे पैसे मिळाले असते तर ती जोडी दावणीला राहिली असती, हे मी आजही हिशेब मांडून सांगू शकते.

हिशेब साधा आहे. जूनच्या मध्याला पेरलेला मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांनी, म्हणजे ऑगस्टअखेर हाती येतो. सोयाबीनचे पैसे ऑक्टोबरशिवाय दिसत नाहीत. घरात असलेलं सगळं जूनमध्ये मातीत जातं आणि मृगापासून पोळ्यापर्यंत घरात काहीही येत नाही. रोजगार हमीची मातीची कामं पावसात थांबतात. खुरपणीला मजुरी मिळते हे खरं, पण ज्याचं स्वतःचं दोन एकर आहे त्याला तेव्हा स्वतःच्याच रानात खुरपावं लागतं, त्याची मजुरी त्याला कोण देणार? दुष्काळातला सगळ्यात कठीण काळ हा असतो, रान हिरवं झाल्यानंतरचा. आणि नेमक्या त्या काळात मदतीचा एकही ट्रक येत नाही.

तेव्हा तुमचे अडीच लाख असे वापरा. एका गावातली २५ घरं धरा, शंभर नकोत. घरटी १०,००० रुपये येतात. त्यातले ६,००० जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांच्या किराण्याला. उरलेले ४,००० बियाण्याला नाहीतर कडब्याला. कशाला हवेत ते त्या घराला ठरवू द्या. ज्यांना जमीनच नाही त्यांना सगळेच पैसे किराण्याला. यादी करताना ही भूमिहीन माणसं सुटतात, कारण आपण मदत करताना सातबारा मागतो. शेतावर पीक नसलं की शेतमालकाच्या आधी त्याच्या सालगड्याच्या चुलीला झळ लागते.

आता वस्तू. बाटल्या आणू नका. गावाला रोज हजारो लिटर पाणी लागतं, तुमच्या ट्रकमधलं पाणी एक दिवस पुरणार नाही आणि बाटल्यांचा ढीग ओढ्यात पडेल. बिस्किटं नकोत. आमच्याकडे ज्वारीची भाकरी खातात. गहू रेशनवर मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. पाच माणसांच्या घराला महिन्याला २० किलो ज्वारी, तीन किलो तूरडाळ, दोन लिटर गोडेतेल, मीठ, तिखट, गूळ, चहापूड, अंगाचा आणि कपड्यांचा साबण, बायका-मुलींसाठी पॅड. आणि दळणाचे पैसे. हे मुद्दाम लिहिते. ज्वारीचं पोतं कोपऱ्यात आहे आणि गिरणीवाल्याला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेजारणीकडून पीठ उसनं आणलेलं मी पाहिलं आहे.

यातलं काहीही पुण्याहून भरू नका. एका वर्षी आम्ही लातूरच्या आडतीवरून ४०० पाकिटं भरून गावात वाटली. काम उरकून चहाला गावातल्या दुकानात बसलो, तर दुकानदाराने उधारीची वही पुढे ठेवली. दोन वर्षं त्या माणसाने गावाला तेल-मीठ उधार दिलं होतं. शेवटचे रोखीचे दिवस आले तेव्हा रोख माल घेऊन आम्ही आलो. पुढच्या महिन्यात त्याने शटर ओढलं. मग ज्या घरांना आमची पाकिटं पोचली नव्हती, त्यांना उधार कोण देणार होतं? त्यानंतर आम्ही गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या दुकानातूनच माल घेतला. घराघराच्या नावाने दुकानात पैसे भरले आणि माणसं आपल्या गरजेचं घेऊन गेली. कुणी डाळ जास्त नेली, कुणी बाळासाठी दुधाची पावडर.

घरं निवडायला एकट्या पुढाऱ्याच्या मागे जाऊ नका. आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे गुरुजी आणि पोस्टमन या चौघांना वेगवेगळं विचारा. चारही याद्यांत असलेली नावं आधी घ्या. मग शाळेच्या ओट्यावर यादी मोठ्याने वाचा. आवाज चढतील, चढू द्या. विसरलेलं एखादं घर त्या गलक्यातच सापडतं.

कपडे तुमच्याकडेच ठेवा. फोटो दुकानाच्या पावतीचा काढा, माणसांचा नको. त्याचं कारण पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : मी भूम तालुक्यातली आहे. मागच्या पोळ्याच्या आधी माझ्या मालकांनी कर्जापायी जीव दिला. तीन एकर रान आहे, दोन लेकरं, मोठा नववीला. एका संस्थेने आम्हाला तीन महिन्यांचं धान्य दिलं, पण देताना फोटो काढला आणि तो चौकात बॅनरवर लागला. मुलगा तेव्हापासून शाळेत जायला तयार नाही. तो म्हणतो, आई, ते धान्य परत कर, आपण भिकारी आहोत का? मला त्याला उत्तर देता आलं नाही.
— एक भगिनी

उत्तर : ताई, पत्र मी तीनदा वाचलं. आधी तुमच्या लेकाला माझं हे सांगा.

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. मी तिच्या पाठीमागे सावली धरून बसायचे. दुपारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, वाटायचे, ती मी ओंजळीत घ्यायचे. घरी अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, मिलोची भाकरी असायची, ती घशाखाली उतरायची नाही. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, बहात्तरला पाणी होतं पण धान्य नव्हतं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्यांत पाटलांच्या सुना होत्या, आणि ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता अशा बाया होत्या. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही. त्या खडीतूनच पुढे कायदा झाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ ला विधिमंडळात मंजूर झाली, आणि २००५ ला देशाने तो धडा गिरवला. आज गावातलं कुठलंही घर काम मागू शकतं; २०२४-२५ ला मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. मागितल्याशिवाय मिळत नाही; अर्ज लेखी करा आणि पोच घ्या.

त्याहून मागचं सांगते. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई फुले जुन्नरकडे ओतूरला मदतीच्या कामात होत्या. २० एप्रिल १८७७ ला तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. चाऱ्यावाचून पडणारी जनावरं, घरदार सोडून निघालेली माणसं, सावकारांचा जाच, सगळं त्यात आहे. सत्यशोधक समाजाने तेव्हा उपाशी लेकरांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला होता. तिथे जेवलेल्या मुलांनी मान खाली घालावी असं त्या दोघांना कधीच वाटलं नसतं. तुमच्या लेकाचा राग खरा आहे, पण तो धान्यावर नाही, बॅनरवर आहे. तो बॅनर लावणाऱ्याने चूक केली. संस्थेला चार ओळींचं पत्र लिहा, मुलगाच लिहू दे त्याच्या अक्षरात : "आमचा फोटो आमच्या परवानगीशिवाय लावला आहे, तो काढा." धान्य ठेवा. ते तुमचं आहे.

आता जी मदत तुम्ही मागायला हवी ती. सगळ्यात आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा. सातबाऱ्यावर तुमचं आणि मुलांचं नाव आल्याशिवाय पीकविमा, अनुदान, कर्ज काहीच पुढे सरकत नाही. दिरांच्या भिडेने हे काम मागे पडतं आणि तिथेच बाईचं रान जातं, हे मी फार वेळा पाहिलं. तुमच्या मालकांच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा निर्णय झाला का, हे तहसीलमध्ये लेखी विचारा. प्रकरण पात्र ठरलं तर एक लाख मिळतात. ३०,००० हातात, ७०,००० ठेवीत. अपात्र ठरलं असेल तर कारण लेखी मागा. कधीकधी फक्त कर्जाचा कागद जोडलेला नसतो. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये आहेत, आणि वडील नसलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजनेत प्रत्येकी २,२५० रुपये. या दुसऱ्या योजनेचं नाव गावात फारसं कुणाला माहीत नसतं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा, दोन्ही लेकरांचे वेगवेगळे.

आणि जूनसाठी एक. घरात मागच्या वर्षीचं सोयाबीन असेल तर ते विकू नका, आणि पिशवीतलं बियाणं घ्यायला दुकानाकडेही घाईने जाऊ नका. सोयाबीनचं घरचं बी चालतं. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, आठवड्याने उघडा. ७० किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले असतील तर एकरी ३० किलोने पेरा. ७० पेक्षा कमी आले तर बी वाढवावं लागेल. हे काम लेकाला द्या. दाणे त्याने मोजावेत.

रात्री फार अंधारून आलं, जिवाला नको वाटलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आधाराच्या नंबरावर बोला. फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलाचंही कुणाशी बोलणं करून द्या.

प्रश्न : आम्ही अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाचे सभासद. मराठवाड्यातल्या एका गावाला थेट मदत पाठवायची आहे. आमच्यापैकी निम्मे इथले नागरिक झाले आहेत, निम्म्यांकडे भारतीय पासपोर्ट आहे. पैसे सरपंचांच्या खात्यावर पाठवले तर चालतील का?
— न्यू जर्सी

उत्तर : नाही, कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर नकोत. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्यांचा पैसा कायद्याने परदेशी देणगी ठरतो, आणि ती घ्यायला संस्थेकडे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत कुठल्याही संस्थेला देऊ शकतात. म्हणून दोन गटांची देणगी वेगवेगळी पाठवा, एकाच धनादेशात मिसळू नका. लहान संस्था त्यात अडकते आणि तिचं सगळं काम थांबतं.

पैसे कुठे लावावेत हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. नवा तलाव, नवी इमारत सगळ्यांना आवडते, कारण तिच्यावर पाटी लागते. माझं मत, तुम्ही गावाला तीन वर्षं धरून ठेवा आणि दर वर्षी जून ते ऑगस्ट एवढंच सांभाळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा सगळ्या जगाने पाहिलं, आणि ते पाणी हवंच होतं. पण पुढच्या जूनमध्ये पाहायला कुणी नव्हतं.

प्रश्न : मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. आमच्या तालुक्यात २०२३ च्या ऑक्टोबरात दुष्काळ जाहीर झाला. ऊसतोडीला गेलेली घरं परतली आहेत. सुट्टीमुळे शाळेतली खिचडी बंद आहे आणि काही मुलं एकदाच जेवतात, हे मला माहीत आहे. मी पगारातून महिन्याला २,००० रुपये देऊ शकतो. एवढ्याशा पैशात काय होईल?
— एक शिक्षक

उत्तर : सर, पैशाच्या आधी एक कागद. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतलं जेवण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या मे महिन्यात सांगितलं आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा की आपल्या तालुक्यात ते सुरू आहे का, नसेल तर कधी होणार. शाळा व्यवस्थापन समितीच्या आयांच्या सह्या घ्या. एकट्या मास्तराचं पत्र फायलीत बसतं, वीस आयांच्या सह्यांचं पत्र फिरवावं लागतं. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात परीक्षा शुल्क माफ होतं, तेही पालकांना सांगा. भरलेलं परत मागता येतं.

तुमच्या २,००० रुपयांचं असं करा. सगळ्या वर्गाला पुरवायला जाऊ नका. ज्या चार-पाच मुलांचं पोट रिकामं असतं ती तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांना रोज एक उकडलेलं अंडं, आणि सुट्टीत वाचनाचा तास घेऊन त्यात शेंगदाणे-गुळाची मूठ. वाचायला आलेल्या सगळ्यांना शेंगदाणे द्या, म्हणजे कोण कशासाठी आलं ते उघडं पडत नाही. अंडी मात्र त्या चार-पाच मुलांच्या घरी संध्याकाळी पोचवा.

१५ जूनला शाळा उघडेल. तेव्हा पेरण्या चालू असतील, गावात आनंद असेल. त्या दिवशी जे मूल शाळेत दिसणार नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा. बहुतेक वेळा आई रानात असते आणि ते धाकट्याला सांभाळत असतं, नाहीतर बाप पुन्हा उचल घेऊन कुठेतरी निघालेला असतो. जाताना दोन किलो ज्वारीचं पीठ न्या. ज्वारी नको, पीठच न्या. त्या आठवड्यात घरातले शेवटचे पैसे बियाण्याला गेलेले असतात, गिरणीपुरतेही उरलेले नसतात.